आधी कोणतं वेल्डिंग शिकावं? सायकल डवऱ्यापासून सुरू झालेलं एक प्रकरण

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणारे एक गुरुजी आहेत. घरची चार एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि सोयाबीन-तूर. वेल्डिंगचं दुकान टाकायचा त्यांचा विचार नव्हता. लोखंड आपल्या हातानं जोडता यावं, रविवार त्यात जावेत आणि घरची चार कामं घरीच व्हावीत, एवढीच हौस. त्यासाठी १५ हजार रुपये वेगळे काढून ठेवलेले. मोबाइलवर भरपूर व्हिडिओ पाहून ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं जवळजवळ ठरलं होतं. "भाऊ, सगळे म्हणतात मिग सोपं पडते. तेच घ्यावं म्हणतो. कोणतं घेऊ तेवढं सांगा."

मी बरीच वर्षं नवशिक्यांना वेल्डिंग शिकवतो. मिग, म्हणजे गनमधून तार आपोआप बाहेर येते आणि वायूच्या आवरणाखाली वितळून सांधा भरते ते वेल्डिंग, सोपं असतं हे खरंच आहे. पण ते सोपं असतं बंद शेडमध्ये, स्वच्छ नव्या पत्र्यावर, गॅसचं दुकान जवळ असताना. गुरुजींकडे होतं उघडं अंगण, भंगारातलं गंजकं लोखंड आणि रात्री मान टाकणारी लाइन. म्हणून मशीनची गोष्ट बाजूला ठेवून मी त्यांना दोन कामं दिली. येत्या वर्षात खरोखर काय काय जोडायचं आहे ते लिहून काढा. आणि ज्या प्लगवर मशीन लावणार त्याचं व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि रात्री मल्टिमीटरनं मोजून आणा. पुढचे सगळे निर्णय या दोन कागदांवरून झाले.

कामांची यादी

यादीत सगळ्यात वर सायकल डवरा होता. विदर्भात हे अवजार आता बऱ्याच गावांत दिसतं: जुन्या सायकलचं पुढचं चाक आणि चिमटा, मागे धरायला हँडल आणि चाकामागे लोखंडी दांडीला लावलेली डवऱ्याची पास, म्हणजे तण कापणारं आडवं पातं. एक माणूस ढकलत ढकलत सोयाबीनच्या तासातलं, म्हणजे दोन ओळींमधलं, तण काढतो. गुरुजींच्या वडिलांनी बैलजोडी विकून टाकली होती. ते म्हणाले, "डवरा हाय घरी, पण ओढाले बैल कुठी हायेत? हे सायकलवालं जमते काय पाय." त्यामुळे या हौसेला घरातूनच पाठिंबा मिळाला, आणि पावसाळ्याआधी वस्तू तयार हवी अशी मुदतही मिळाली.

त्याखाली कूलरचा स्टँड, अंगणाचं फाटक, शाळेतले मोडके बाक, वखराची झिजलेली पास, आणि घरच्यांनी सांगितलेली स्टीलच्या भांड्यांची मांडणी.

प्रत्येक कामासमोर मी धातू आणि जाडी लिहायला लावली. हौशी माणूस हे करत नाही आणि इथेच फसतो. कूलरच्या स्टँडला ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा अँगल. फाटकाला १६ गेजचा चौकोनी पाइप, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. बाकांचा पाइपही तेवढाच किंवा थोडा पातळ. सायकलच्या नळ्या याहून पातळ, आणि त्या सांध्यांमध्ये पितळेनं जोडलेल्या. वखराची पास बहुतेक ठिकाणी गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून केलेली, म्हणजे जास्त कार्बनचं कडक पोलाद. मांडणी स्टेनलेसची.

हा कागद पाहिला की एक गोष्ट लगेच दिसते. सहापैकी तीन कामं साध्या लोखंडाची, दीड ते पाच मिलिमीटरमधली, आणि तिन्हींत रंग, गंज, माती आहे. बाकी तीन वेगळी आहेत आणि प्रत्येक वेगळ्या कारणानं अवघड आहे. पहिली प्रक्रिया निवडायची ती या साध्या तिघांसाठी: स्टँड, फाटक, बाक. अवघड तिघांसाठी काय करायचं हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी नवं मशीन हे नसतं.

लाइनचा हिशेब

गुरुजींनी आणलेले आकडे असे होते: सकाळी २२५ ते २३० व्होल्ट, भर दुपारी २१० च्या आसपास, रात्री आठच्या सुमाराला १९० पर्यंत खाली. घर गावाच्या कडेला, डीपीपासून लांब. माझ्या मनात त्यांच्यासाठी रॉडचं वेल्डिंग होतं: मसाल्याचं (फ्लक्सचं) कोटिंग असलेली सळी स्वतः वितळून सांधा भरते ते. त्याच्या इन्व्हर्टर मशीनवर (वेल्डिंगचं इलेक्ट्रॉनिक मशीन, घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे) साधारणपणे २३० व्होल्ट, १५ टक्के वरखाली असं लिहिलेलं असतं. म्हणजे १९५ च्या खाली मशीनकडून काही अपेक्षा ठेवायची नाही. आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यामधली विजेची ज्योत, मरतो, रॉड चिकटतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला हातच चुकतो आहे. तेव्हा सरावाची वेळ सकाळची, हे त्या दिवशीच ठरलं.

आता प्लगला किती झेपेल? रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. अडीच मिलिमीटरचा रॉड ७५ अँपिअरवर चालवला तर आर्कवर २३ व्होल्ट, म्हणजे सुमारे १.७ किलोवॅट. मशीनमधली तूट धरून लाइनमधून २ किलोवॅट जातात, आणि साध्या मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) ०.७ धरला तर प्लगमधून १२ ते १३ अँपिअर. चांगल्या वायरिंगचा १६ अँपिअरचा पॉवर प्लग हे सोसतो. तोच हिशेब ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ११० अँपिअरवर केला की प्लगमधून २० अँपिअर होतात. घरच्या साध्या प्लगचं ते काम नाही. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी ओढून घ्यावा लागतो. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामाला मशीन जास्त करंट ओढतं आणि वायर तापते, हेही ध्यानात ठेवायचं.

म्हणून पहिल्या वर्षाचा रॉड अडीच मिलिमीटरचा, दुकानात ज्याला बारा नंबर म्हणतात तो. दहा नंबर, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, वायरिंग झाल्यावर.

विहिरीवर थ्री फेज आहे, तिथे जुनं तेलाचं ट्रान्सफॉर्मर मशीन नेऊन लावावं का, असंही गुरुजींनी विचारलं. नाही. शेतीपंपाच्या जोडणीवर दुसरं काम करणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. शिवाय ती लाइन ठरावीक तासच असते, आणि कधी ती पाळी रात्रीची येते. ओल्या बांधावर, अंधारात, एकट्यानं वेल्डिंग शिकू नये.

मशीनवर ड्युटी सायकल लिहिलेली असते. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा सहसा ४० अंश तापमानाचा असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. तरी रॉडचं काम करणाऱ्याला याची फार झळ बसत नाही. बारा नंबरचा एक रॉड सुमारे मिनिटभरात संपतो, मग स्लॅग, म्हणजे सांध्यावरची कडक खपली, झाडायचा, ब्रश मारायचा, पुढचा रॉड लावायचा. विश्रांती आपोआप मिळते. मशीनला उन्हात मात्र ठेवायचं नाही, आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ पंख्यातून आत जाईल अशा जागीही नाही.

चार वाटा आणि त्यांचं मूळ

कोणती प्रक्रिया कुठे जन्मली हे पाहिलं की तिचा स्वभाव कळतो. कोटिंगचा रॉड स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी काढला. जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती नीट होत नाही ही त्यांची अडचण होती, आणि १९०४ साली त्यांनी काढलेली इसॅब ही कंपनी आजही रॉड विकते. म्हणजे रॉड जन्मला तोच दुरुस्तीसाठी, उघड्यावर, मळक्या लोखंडावर. टिग, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकानं आर्क करायची पद्धत, १९४१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रोप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी बसवलं. पातळ, महाग, लख्ख स्वच्छ धातू हे तिचं घर. मिग १९४८ मध्ये बॅटेल संस्थेत आकाराला आलं आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरायची पद्धत १९५३ मध्ये आली, म्हणून आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले त्याला सीओटू म्हणतात. कारखान्यात दिवसभर एकसारखे सांधे मारायचे असतील तर त्याला तोड नाही.

आणि गावाला एक वेल्डिंग फार आधीपासून माहीत आहे: भात्यावर दोन टोकं पांढरी होईपर्यंत तापवून ऐरणीवर एकजीव करणं. बंडीच्या चाकाची धाव लोहार अशीच जोडायचे. गुरुजींच्या वडिलांनी ते लहानपणी पाहिलेलं आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग ओळखणारी अशी माणसं घरात असणं ही शिकणाऱ्याची मोठी जमा आहे, आणि मी गुरुजींना ते आवर्जून सांगितलं.

मिगचा हिशेब मी टाळला नाही. खर्चात गॅस वाटतो तेवढा जड नाही. एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून ५०० लिटरहून जास्त वायू होतो. मिनिटाला १० लिटर लागला तर पाच किलोच्या सिलिंडरमध्ये चार तासांहून जास्त आर्क मिळतो, आणि रविवारच्या कामाला तो कित्येक महिने पुरतो. अडचण दुसरीकडे आहे. सिलिंडर भरायला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, आणि रेग्युलेटर गळका राहिला तर पुढच्या रविवारी तो रिकामा सापडतो. अंगणात झुळूक आली की वायू उडून जातो आणि सांध्याला भोकं पडतात. पावसाळ्यात महिनाभर मशीन बंद राहिलं की स्पूलवरची तार गंजते आणि मग गनमध्ये अडकते. गॅसशिवाय चालणारी, पोटात फ्लक्स असलेली तारही मिळते. ती वाऱ्यात टिकते, पण धूर आणि उडणारे थेंब बरेच, आणि त्या तारेला पोलॅरिटी उलटी करावी लागते हे नवशिक्या विसरतो.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. मिगमध्ये नवशिक्याचा सांधा वरून सुंदर दिसतो आणि आतून धरलेला नसतो. तार बाहेर येतच राहते, ढीग होतच राहतो, खालचा धातू वितळला की नाही ते कळत नाही. रॉड चूक लपवू देत नाही. करंट कमी असेल तर चिकटतो, जास्त असेल तर भोक पाडतो, आर्क लांब झाला तर आवाज फाटतो. गुरुजींना शिकवायला जवळ रोज कोणी असणार नव्हतं. एकट्यानं शिकणाऱ्यानं अशी प्रक्रिया घ्यावी जी स्वतःच चूक सांगते. आयटीआयमध्ये निदेशक शेजारी उभा असतो, शहरात मित्राचं वर्कशॉप असतं, तिथे मिगनं सुरुवात केली तर माझी हरकत नाही.

टिग एका मांडणीसाठी घ्यायचं नव्हतं. ते काम यादीतून काढून तालुक्याला करून घ्यायचं ठरलं. गॅस वेल्डिंग म्हणजे ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन. ते घरी नको, पण डोक्यात ठेवा, असं मी म्हणालो. का ते पुढे येतं.

सराव

मशीन २०० अँपिअरचं एकफेजी इन्व्हर्टर. बजेटचा निम्मा भाग त्यात गेला. उरलेल्यात आपोआप काळा होणारा हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, चिपिंग हातोडी, वायर ब्रश, गुन्या, दोन शिकंजे, ग्राइंडर आणि ६०१३ जातीचे अडीच मिलिमीटरचे रॉड. रॉडच्या पुडक्यावर ६०१३ आणि आयएस ८१४ हा भारतीय मानकाचा क्रमांक, हे दोन्ही असलेलं पाहून घ्यायचं. सुरुवातीला ७०१८ घेऊ नये. तो ताकदीचा आहे, पण ओल खातो, आणि खाल्ली की ३०० अंशांच्या वर भट्टीत वाळवावा लागतो. ६०१३ सोशिक आहे. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवला तरी निभतं.

सरावाचं लोखंड भंगारवाल्याकडून, ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या. आधी नुसत्या सपाट रेघा. रॉड पुढे ७० ते ८० अंशांत झुकलेला, टोक आणि लोखंड यांतलं अंतर रॉडच्या जाडीएवढं, आणि नजर उजेडावर नको, मागे साचणाऱ्या वितळलेल्या डबक्यावर हवी. नवशिका उजेड पाहतो म्हणून त्याचा हात भरकटतो. गुरुजींना हे लवकर साधलं. खडूनं फळ्यावर सरळ ओळ लिहायची सवय कामी आली असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

मग एकावर एक पट्टी, मग काटकोनातला सांधा. प्रत्येक सांधा शिकंज्यात धरून हातोड्यानं मोडून पाहायचा, हा माझा एकमेव हट्ट होता. मोडल्यावर मूळ कडा जशीच्या तशी दिसली तर तिथे वेल्ड झालाच नव्हता. वरून कितीही देखणा असो.

त्यानंतर १६ गेजचा पाइप, आणि इथे पहिल्यांदा भोकं पडली. उपाय तीन. करंट ५५ ते ६० वर आणायचा. रॉड ऋण टोकाला लावायचा, म्हणजे उष्णता खाली कमी उतरते. आणि लांब रेघ न मारता टाके घ्यायचे: एक टाका, लाली उतरेपर्यंत थांबा, शेजारी दुसरा. फाटकाच्या चौकटीला आधी चारही कोपऱ्यांत टाके मारून कर्ण मोजायचे, मगच पूर्ण जोडायचं, नाहीतर चौकट ओढली जाते. कूलरचा स्टँड आणि फाटक उन्हाळ्याच्या सुट्टीत झाले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. ते नीट झाले.

डोळे, धूर आणि कापूस

हे इथेच लिहितो, कारण या गावांमध्ये धोका पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या जागी असतो. घरोघरी कापूस भरलेला असतो, अंगणाच्या कडेला कपाशीच्या पऱ्हाट्या आणि कुटार. ग्राइंडरची ठिणगी कित्येक फूट जाते आणि कापसात पडलेली ठिणगी आत धुमसत राहून काही तासांनी पेट घेते. गुरुजींनी कामाची जागा कापसापासून आणि कुटारापासून लांब, अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात नेली, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचा नियम केला. फवारणीच्या औषधाचे किंवा डिझेलचे रिकामे ड्रम कापायला कोणी आणले तर सरळ नाही म्हणायचं. आतली वाफ पेटली की ड्रम फुटतो.

कपडे सुती. पॉलिस्टरचा शर्ट ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतो. डोळ्यांना आर्क लागला तर तेव्हा काही वाटत नाही, रात्री डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं. त्यावर बटाट्याचा काप, दूध, गुलाबपाणी असले उपाय करू नयेत. थंड पट्टी ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावं. गुरुजींच्या अंगणात शाळेची मुलं जमायची, म्हणून कामाच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री बांधली, कारण लांबून पाहणाऱ्या लहान डोळ्यांनाही तोच उजेड लागतो. जस्त चढवलेला जीआय पाइप जोडायचा असेल तर सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायचं, उघड्यावर आणि वाऱ्याच्या बाजूनं बसायचं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आर्क त्याहून कितीतरी गरम असतो. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

पाऊस सुरू झाल्यावर ओल्या जमिनीवर बसून काम नाही. आर्क बंद असतानाही होल्डरच्या टोकाला ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरडी फळी, कोरडे हातमोजे, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच.

डवरा मोडतो

सायकल डवरा जूनच्या सुरुवातीला तयार झाला. दिसायला चांगला होता. सोयाबीनच्या दोन तासांत १८ इंचांचं अंतर, म्हणून पास १२ इंचांची ठेवली होती. ओळीला धक्का न लागता मधलं तण निघावं असा अंदाज. पहिल्या डवरणीला वडिलांनी तो शेतात नेला आणि थोड्याच वेळात दांडी खाली लोंबायला लागली. गुरुजी तो तसाच सायकलवर बांधून माझ्याकडे घेऊन आले. "वेल्ड तं शाबूत हाय भाऊ. बाजूचा पाइपच फाटला," ते म्हणाले, आणि हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

तड वेल्डच्या कडेनं गेली होती. आत पाहिलं तर वेल्डमध्ये बारीक भोकं आणि पिवळट डाग. मी विचारलं, जोडताना पांढरा धूर आला होता का? आला होता. तिथे सगळं कळलं. दांडी त्यांनी सायकलच्या डोक्याच्या नळीजवळ जोडली होती, सगळ्यात मजबूत जागा म्हणून. पण आपल्या साध्या काळ्या सायकलचा सांगाडा वेल्ड केलेला नसतो. नळ्या लोखंडी सांध्यांत घालून त्या पितळेनं झाळलेल्या असतात. आर्कनं ते पितळ वितळलं, त्यातल्या जस्ताचा धूर झाला, आणि तांबं पोलादाच्या कणांमध्ये शिरलं. अशा जागी वेल्ड गरम असतानाच चिरतो. शिवाय पातळ नळीला एका बाजूनं जाड दांडी जोडलेली. माणूस ढकलतो, पास ढेकळाला अडते, दांडी मागे वाकते, पुन्हा सुटते. तो सगळा ताण वेल्डच्या एका कडेवर.

इथे गुरुजींचा मिगचा विचार पुन्हा वर आला. पातळ नळी आहे, मिगनं जमलं असतं ना? भोक न पाडता जोडणं मिगनं नक्कीच सोपं झालं असतं. पण पितळ तिथेही वेल्डमध्ये शिरलं असतं आणि ताणही तिथेच पडला असता. मशीन बदलून हा सांधा वाचत नव्हता. सांध्याची रचना बदलायची होती.

मग नळीला वेल्ड करायचंच नाही असं ठरवलं. ५ मिलिमीटरच्या पट्टीला नळीच्या गोलाईप्रमाणे वळवून दोन अर्धे कडे केले, ते दोन्ही बाजूंनी नळीवर बसवून नटबोल्टनं आवळले, आत रबराची पट्टी. दांडी त्या जाड कड्याला वेल्ड केली, आणि कोनात एक त्रिकोणी तुकडा घातला म्हणजे ताण पसरेल. जाड लोखंडावर जाड लोखंड, बारा नंबरचा रॉड, ७५ अँपिअर. गुरुजींना हे आधीच येत होतं. एक फायदा असाही झाला की बोल्ट ढिला करून पासेची उंची वरखाली करता येऊ लागली. हा डवरा हंगामभर चालला. शेजारच्या दोघांनी तसाच मागितला, आणि गुरुजींनी पैसे न घेता करून दिला. पैसे घेऊन काम सुरू केलं तर वीजजोडणीचा प्रकार बदलावा लागू शकतो, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

वखराच्या पासेचं काम मी त्यांना करू दिलं नाही. कमानीच्या पाट्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन असतो. थंड पाट्यावर रॉड मारला तर वेल्डशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि पहिल्याच दगडाला तुटते. आधी २०० ते ३०० अंश तापवायचं, वाळवलेला ७०१८ वापरायचा, आणि नंतर राखेत पुरून सावकाश निवू द्यायचं, एवढं सगळं जमलं तरच. पुढच्या वर्षी, वडील शेजारी बसून रंग सांगत असताना, ते हे करतील. तोपर्यंत पास लोहाराकडे.

दुसरी प्रक्रिया

पावसाळा संपल्यावर गुरुजींनी विचारलं, आता पुढचं काय? त्यांच्या मनात अजून मिग होतं. मी पुन्हा यादी मागितली. नवी यादी डवऱ्याच्या अनुभवातून आली होती: मुलांच्या सायकलींचे तुटलेले सांगाडे, शाळेतल्या हातपंपाचं चिरलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकण, फवारणी पंपाची पितळी नळी. म्हणजे पातळ नळ्या, बीड, पितळ.

या तिन्हींना एकच उत्तर आहे, आणि ते मिग नाही. ते गॅसवरचं पितळी झाळकाम. पितळेची तार सुमारे ९०० अंशांना वितळते, लोखंड १५०० च्या आसपास. मूळ धातू न वितळवता सांधा भरतो, त्यामुळे पातळ नळीला भोक पडत नाही आणि बीड तडकण्याचा धोका कमी होतो. पितळी नळीला त्याहूनही कमी तापावर वितळणारी चांदीची झाळ लागते, पण ज्योत आणि हात तेच. टाकणखार लावून सांधा स्वच्छ ठेवायचा, नळी लालसर होऊ द्यायची, आणि तार ज्योतीत न वितळवता तापलेल्या धातूला टेकवून वितळवायची. सायकल ज्या कारखान्यात बनली तिथे तिचा सांधा असाच भरला होता, म्हणून दुरुस्तीही तशीच टिकते.

सिलिंडर घरी आणायचे नाहीत यावर मी अजून ठाम आहे. अ‍ॅसिटिलीन १५ पीएसआयच्या वर दाबानं काढला तर आपोआप फुटू शकतो, सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा लागतो, आणि ज्या घरात कापूस भरलेला असतो तिथे ऑक्सिजनचा सिलिंडर ठेवणं मला मान्य नाही. आर्वीला गॅस वेल्डिंगचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या उस्तादांनी गुरुजींना रविवारी बसू द्यायचं कबूल केलं, बदल्यात गुरुजी त्यांच्या नातवाचं गणित पाहतात.

मिग त्यांच्या मनातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये. शेजारचे फाटकं मागायला लागले, अंगणावर तीन बाजूंनी भिंत झाली आणि लाइन सुधारली, तर १६ गेजच्या पाइपावर मिगसारखं दुसरं काही नाही. तेव्हा रॉडवर तयार झालेला डोळा त्यांना वितळलेलं डबकं ओळखायला उपयोगी पडेल.

सध्या दुकानात त्यांचा सराव ज्योतीवर चालू आहे: आधी अ‍ॅसिटिलीनची पिवळी ज्योत, मग ऑक्सिजन वाढवत आतला पांढरा शंकू टोकदार आणि स्वच्छ होईपर्यंत. झाळकामासाठी तिथून ऑक्सिजन किंचित वाढवायचा, कारण त्यानं पितळेतलं जस्त कमी उडतं. हे हाताला बसलं की मोडक्या सायकलचा पहिला सांगाडा.